आयन थ्रस्टरच्या झोतासाठी लँगम्यूर प्रोब संच : दोन वर्षांच्या वापरानंतरचे परीक्षण

व्हॅक्यूम चेंबरमध्ये चालणाऱ्या आयन थ्रस्टरच्या, म्हणजे वेगवान आयन मागे फेकून यान ढकलणाऱ्या इंजिनाच्या, झोतातील प्लाझ्माची (आयन आणि मोकळे इलेक्ट्रॉन यांच्या वायूची) घनता, इलेक्ट्रॉनांचे तापमान आणि प्लाझ्मा विभव मोजण्यासाठी आम्ही दोन वर्षांपूर्वी एक तयार लँगम्यूर प्रोब संच, म्हणजे प्लाझ्मात धरलेल्या धातूच्या तुकड्याचे विभव बदलत त्यावर येणारा प्रवाह मोजणारी उपकरणे, घेतला. त्याआधी आमचे प्रोब आम्हीच बनवत असू. टंगस्टनची तार ॲल्युमिनाच्या बारीक नळीत ओवायची, सिरॅमिकच्या लेपाने टोक बंद करायचे आणि प्रत्येक चाचणीनंतर नवा प्रोब करायला बसायचे, असा तो क्रम होता. त्यात वेळ फार जाई, आणि दोन प्रोब कधीच नेमके सारखे होत नसत. संच घेताना त्याची माहितीपत्रके पुष्कळ वाचली, पण झोतात तो प्रत्यक्ष कसा वागतो हे सांगणारे लेखन हाती लागले नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. उत्पादकाचे नाव येथे देत नाही, कारण पुढे ज्या उणिवा सांगणार आहे त्यांतील बऱ्याच एकाच उत्पादकाच्या नसून या प्रकारच्या कोणत्याही संचात संभवतात. माझे मत आधीच सांगते. संचातील उपकरणे उत्तम आहेत आणि इलेक्ट्रॉनांचे तापमान व प्लाझ्मा विभव यांसाठी तो निःसंकोच घ्यावा. झोताच्या गाभ्यात मात्र त्याचे सॉफ्टवेअर घनतेचा जो आकडा आपोआप काढून देते, त्यावर मुळीच विसंबू नये.

संचात दोन प्रकारचे प्रोब येतात. पहिला दंडगोलाकार, म्हणजे ०.२५ मिलिमीटर व्यासाची टंगस्टनची तार, जिचा ५ मिलिमीटर भाग उघडा असतो. दुसरा सपाट, म्हणजे ६ मिलिमीटर व्यासाची चकती आणि तिच्याभोवती तितक्याच विभवावर ठेवलेले रक्षक कडे. यांच्याबरोबर विभव उणे १०० ते अधिक १०० व्होल्टपर्यंत चढवणारे व त्याच वेळी प्रवाह मोजणारे यंत्र, चेंबरच्या भिंतीतून तार आत नेणारा जोड, कोॲक्शियल केबल, प्रोबसमोर सरकणारे एक छोटे शटर आणि विश्लेषणाचे सॉफ्टवेअर मिळते. एका छोट्या डबीत रोध आणि डायोड बसवून दिलेले आहेत. प्रोबच्या जागी ही डबी जोडली की यंत्र ठीक चालते आहे की नाही हे चेंबर न उघडता कळते. डायोडचा आलेखही घातांकी असल्यामुळे सॉफ्टवेअरने उतार बरोबर काढला की नाही याचीही परीक्षा त्यात होते. माहितीपत्रकात या डबीला एक ओळसुद्धा दिलेली नाही, पण या दोन वर्षांत तिने आमचे किती दिवस वाचवले याची गणतीच नाही.

झोतातले मोजमाप साध्या प्लाझ्मा नळीतल्या मोजमापापेक्षा वेगळे का, हे आधी सांगायला हवे, कारण संचाची खरी परीक्षा तेथेच होते. थ्रस्टरमध्ये झेनॉनचे आयन विद्युतक्षेत्राने वेगवान केले जातात. हॉल प्रकारच्या थ्रस्टरमध्ये ३०० व्होल्टमधून गेलेला एकपट आवेशाचा झेनॉन आयन सेकंदाला सुमारे २१ किलोमीटर वेग गाठतो, तर जाळ्या असलेल्या थ्रस्टरमध्ये ११०० व्होल्टला हाच वेग सुमारे ४० किलोमीटर होतो. त्यांच्यासोबत कॅथोडमधून सोडलेले इलेक्ट्रॉन असतात, ज्यांचे तापमान झोतात एक-दोन इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे सुमारे बारा हजार ते तेवीस हजार केल्विन असते. या वेगवान आयनांची वाटेत मंद झेनॉन अणूंशी गाठ पडली की आवेशाची अदलाबदल होते. वेगवान अणू सरळ निघून जातो आणि मागे एक मंद आयन उरतो, जो झोतातील विभवाच्या उतारावरून बाजूला, कधी कधी मागेही ढकलला जातो. यानाच्या सौर पट्ट्यांना आणि उपकरणांना भिडतात ते हेच आयन. म्हणूनच १९९८ मध्ये उड्डाण केलेल्या डीप स्पेस १ यानावर आणि २००३ च्या स्मार्ट-१ यानावर इंजिनाच्या जोडीला लँगम्यूर प्रोबसह मोजमापाची उपकरणे बसवलेली होती. जमिनीवरच्या चेंबरमध्ये आपण जे मोजतो त्याचा उपयोग शेवटी यानावर थ्रस्टर कोठे आणि कोणत्या कोनात बसवायचा हे ठरवण्यासाठी होतो. आकडा चुकला तर ती चूक थेट यानाच्या रचनेत उतरते.

मोजण्याची पद्धत शंभर वर्षांपूर्वीची आहे. अर्व्हिंग लँगम्यूर आणि हॅरॉल्ड मॉट-स्मिथ यांनी १९२६ मध्ये मांडलेला सिद्धांत आजही तिचा पाया आहे. प्रोबचे विभव चढवत नेले की आधी फक्त आयनांचा क्षीण प्रवाह मिळतो, मग इलेक्ट्रॉन येऊ लागतात आणि त्यांचा प्रवाह घातांकाने वाढतो, आणि प्लाझ्मा विभवापाशी आलेख वळून जवळजवळ सपाट होतो. घातांकी भागाचा लॉगॅरिदम घेतला की त्याच्या उतारावरून इलेक्ट्रॉनांचे तापमान मिळते आणि वळणाच्या जागेवरून प्लाझ्मा विभव मिळते. तत्त्व इतके सोपे असूनही यंत्राची कसोटी लागते ती प्रवाहाच्या आवाक्यात. स्थिर झेनॉन प्लाझ्मामध्ये इलेक्ट्रॉनांचा संपृक्त प्रवाह (विभव आणखी बदलूनही फारसा न वाढणारा) आयनांच्या संपृक्त प्रवाहाच्या सुमारे ३०० पट असतो, आणि हे दोन्ही प्रवाह एकाच आलेखावर, एकाच वेळी, नीट वाचता यायला हवेत.

या कसोटीला यंत्र उतरते, पण त्याची एक खोड आहे. प्रवाह वाढत जातो तसे यंत्र आपोआप मोजमापाची पट्टी बदलते, आणि प्रत्येक बदलाच्या जागी आलेखावर एक बारीक पायरी उरते. साध्या आलेखावर ती दिसतही नाही. लॉगॅरिदमच्या आलेखावर ती नेमकी घातांकी भागाच्या मध्यावर येते, आणि सॉफ्टवेअर त्या पायरीवरूनच सरळ रेषा ओढून मोकळे होते. सुरुवातीच्या काही आठवड्यांत आमचे तापमान कारण नसताना वर-खाली होत होते, त्याचे मूळ हे निघाले. स्वयंचलित पट्टी बंद करून एकाच आलेखाचे दोन भाग दोन वेगवेगळ्या ठरावीक पट्ट्यांवर घेतले आणि नंतर जोडले, तेव्हा रेषा खरोखर सरळ आली. वेळ दुप्पट लागतो, पण आता आम्ही दुसऱ्या पद्धतीने मोजतच नाही.

संदर्भ विभवाची सोय मात्र विचारपूर्वक केलेली आहे. हॉल थ्रस्टरचा कॅथोड चेंबरच्या भिंतीच्या तुलनेत दहा-वीस व्होल्ट खाली तरंगत असणे नेहमीचे आहे, आणि काही चाचण्यांत आम्ही थ्रस्टरचा सगळा वीजपुरवठाच जमिनीपासून अलग ठेवतो. अशा वेळी प्रोबचे विभव कशाच्या तुलनेत आहे हा प्रश्न फार महत्त्वाचा होतो. या यंत्रात चेंबरची भिंत किंवा कॅथोड यांपैकी कोणताही संदर्भ एका बटणाने निवडता येतो, आणि निवडलेला संदर्भ प्रत्येक फाइलमध्ये आपोआप नोंदवला जातो. सहा महिन्यांपूर्वीच्या फाइलवर काम करताना या नोंदीचे मोल कळते.

प्लाझ्मा विभवाचा आमचा मुख्य उपयोग दुसऱ्या एका उपकरणासाठी आहे. आयनांची ऊर्जा मोजण्यासाठी आमच्याकडे विरोधी विभव विश्लेषक आहे. त्यात एकामागे एक जाळ्या असतात, एका जाळीवर वाढते धन विभव लावून आयन अडवतात, आणि प्रवाह कोठे घसरतो यावरून त्यांची ऊर्जा कळते. पण ही ऊर्जा जमिनीच्या तुलनेतली असते. आयन स्थानिक प्लाझ्मातून विश्लेषकाच्या जमिनीला जोडलेल्या तोंडापर्यंत येताना प्लाझ्मा विभवाइतकी ऊर्जा वाटेत आणखी मिळवतो. विश्लेषकाने २८० व्होल्ट दाखवले आणि त्या जागी प्लाझ्मा विभव १२ व्होल्ट असेल, तर आयनाची झोतातील खरी ऊर्जा २६८ इलेक्ट्रॉन व्होल्ट धरायला हवी. सपाट प्रोब विश्लेषकाच्या शेजारी, त्याच फिरत्या दांड्यावर बसवल्यापासून ही दुरुस्ती प्रत्येक कोनाला स्वतंत्रपणे करता येते. संच एवढ्यासाठीच घेतला असता तरी मला समाधान वाटले असते.

आता घनतेकडे येते. सॉफ्टवेअर आयनांच्या संपृक्त प्रवाहावरून घनता काढते, आणि त्यासाठी ते बोम यांचे सूत्र वापरते. या सूत्राप्रमाणे आयन प्रोबभोवतीच्या शीथमध्ये, म्हणजे त्याच्या पृष्ठभागालगतच्या, इलेक्ट्रॉन कमी असलेल्या पातळ थरात, शिरतात ते इलेक्ट्रॉनांच्या तापमानावर अवलंबून असलेल्या ठरावीक वेगाने. झेनॉनसाठी, इलेक्ट्रॉनांचे तापमान २ इलेक्ट्रॉन व्होल्ट असताना, हा वेग सेकंदाला सुमारे १.२ किलोमीटर येतो. सूत्रातील ०.६१ हा गुणक धरला तर हिशेबात ०.७४ किलोमीटर एवढाच वेग उरतो. झोताकडे तोंड करून ठेवलेल्या सपाट चकतीवर आयन प्रत्यक्षात आदळतात ते २१ किलोमीटरच्या वेगाने. म्हणजे तोच प्रवाह सॉफ्टवेअर २८ पट मंद आयनांनी आणला असे समजते, आणि घनता २८ पट जास्त दाखवते. ११०० व्होल्टच्या जाळीच्या थ्रस्टरसमोर हीच चूक सुमारे ५४ पट होते. संच हे सगळे दोन दशांश स्थळांपर्यंत, सुबक रंगीत आलेखासह दाखवतो, आणि त्या आकड्याखाली कोठेही इशारा नसतो.

आम्हाला हे कळले ते शेजारच्या फॅरडे प्रोबमुळे. तो नुसता आयनांचा प्रवाह मोजतो. आपण चकतीला काही दहा व्होल्ट ऋण विभव देऊन इलेक्ट्रॉन परतवतो आणि चौरस सेंटिमीटरमागे किती प्रवाह येतो ते पाहतो. दोन्ही प्रोबवरचा प्रवाह जुळत होता, पण त्यावरून आम्ही हाताने काढलेली घनता आणि सॉफ्टवेअरची घनता यांत एवढे अंतर होते की आम्ही आधी चकतीचे क्षेत्रफळ चुकीचे भरले असावे असे समजून ते दोनदा मोजले. क्षेत्रफळ बरोबर होते. मग आलेखच नीट पाहिला तेव्हा दुसरी खूण सापडली. स्थिर झेनॉन प्लाझ्मामध्ये प्रोबचे तरंगते विभव, म्हणजे जेथे एकूण प्रवाह शून्य होतो ते विभव, प्लाझ्मा विभवापेक्षा इलेक्ट्रॉन तापमानाच्या सुमारे ५.८ पट खाली असायला हवे. वेगवान झोत समोरून येत असेल तर आयनांचा प्रवाह वाढतो आणि हे अंतर २ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या प्लाझ्मात २.४ पटीपर्यंत खाली येते. आमच्या आलेखावर अंतर अडीच पटीच्या आसपास होते. आयन समोरून वेगाने येत आहेत हे आलेख स्वतःच सांगत होता, ते वाचायचे तेवढे राहिले होते. कोणत्याही लँगम्यूर संचाने घनता दिली की प्लाझ्मा विभव आणि तरंगते विभव यांतील फरकाला तापमानाने भागून पाहावे, असे मी आता प्रत्येक नव्या सहकाऱ्याला सांगते. या एका भागाकारातून सूत्र लागू आहे की नाही याचा चांगला अंदाज येतो.

हे उत्पादकाला कळवले तेव्हा उत्तर सौजन्याचे आले, आणि पुढच्या आवृत्तीत आयनांचा वेग हाताने भरण्याची सोय करून दिली गेली, याची नोंद घेतली पाहिजे. तरीही ही सोय अर्धीच आहे. गाभ्यात एकच वेग भरून काम भागते. झोताच्या कडेला वेगवान आयन आणि आवेशाच्या अदलाबदलीतून आलेले मंद आयन एकत्र असतात, आणि तेथे कोणताही एक वेग बरोबर ठरत नाही. आम्ही तेथे आयनांवरून घनता काढणे सोडून दिले आहे. सपाट चकतीवर प्लाझ्मा विभवापाशी येणारा इलेक्ट्रॉनांचा प्रवाह आणि मोजलेले तापमान यांवरून घनता काढतो, कारण इलेक्ट्रॉनांचा औष्णिक वेग सेकंदाला शेकडो किलोमीटर असतो आणि त्यापुढे झोताच्या वेगाने फारसा फरक पडत नाही. या पद्धतीत प्रोब प्लाझ्मातून बराच प्रवाह ओढतो आणि त्यामुळे प्लाझ्माही थोडा बदलतो, हा तिचा दोष आहे. तरी अठ्ठावीस पटीची चूक आणि पन्नासेक टक्क्यांची चूक यांत निवड करायची असेल तर ती अवघड नाही.

दंडगोलाकार प्रोबबद्दल संचाच्या पुस्तिकेत तार झोताच्या दिशेत ठेवावी एवढेच लिहिले आहे. तसे का आणि किती काटेकोरपणे, हे लिहिलेले नाही, आणि ते लिहायला हवे होते. तार झोताला समांतर असेल तर तिच्या बाजूंवर आयन मंद वेगानेच येतात आणि स्थिर प्लाझ्माचा सिद्धांत बऱ्यापैकी लागू पडतो. पण तारेचे पुढचे टोक झोताला थेट भिडते. त्या टोकाचे क्षेत्रफळ ०.०५ चौरस मिलिमीटर, म्हणजे बाजूच्या ३.९ चौरस मिलिमीटरच्या जेमतेम सव्वा टक्का. आयन २८ पट वेगाने आदळत असल्यामुळे ते एवढेसे टोक बाजूच्या प्रवाहाच्या एक तृतीयांशाहून अधिक प्रवाह एकटेच आणते. त्यापुढची गोष्ट अधिक काळजीची आहे. तार झोतापासून केवळ ५ अंशांनी कलली तर तिची बाजू झोताला जेवढी दिसते तेवढ्यावर आदळणारा प्रवाह मूळ बाजूच्या प्रवाहाच्या तीन चतुर्थांशाहून अधिक भरतो. हे आकडे शीथचा विस्तार न धरता काढलेले आहेत, विरळ प्लाझ्मात तो धरला की बाजूचा प्रवाह वाढतो आणि चुकीचे प्रमाण कमी होते. तरी ५ अंश म्हणजे काय, हे लक्षात घ्यावे. संचाचा धारक हाताने स्क्रू आवळून बसवायचा आहे, त्यावर कोनाची खूण नाही, आणि चेंबर बंद केल्यावर कोन तपासताही येत नाही. आम्ही धारकावर लेसर किरणाने दिशा लावण्यासाठी एक छोटा आरसा बसवून घेतला. हे काम उत्पादकाने करायला हवे होते.

सपाट प्रोबचे रक्षक कडे चांगले बसवलेले आहे. त्याचे काम असे की चकतीच्या कडेला शीथ फुगून क्षेत्रफळ वाढू नये, फुगवटा कड्याच्या बाहेर राहावा. शीथची जाडी डेबाय लांबीच्या, म्हणजे ज्या अंतरात प्लाझ्मा बाहेरून लावलेले विभव झाकून टाकतो त्या अंतराच्या, पटीत असते. दर घनसेंटिमीटरला १ अब्ज इलेक्ट्रॉन आणि २ इलेक्ट्रॉन व्होल्ट तापमान असेल तर डेबाय लांबी ०.३३ मिलिमीटर येते, आणि ६ मिलिमीटरच्या चकतीला ती आरामात पेलते. झोताच्या बाजूला घनता १ कोटीवर आली की हीच लांबी ३.३ मिलिमीटर होते, आणि तेथे चकती, कडे आणि त्यांमधली फट हे सगळेच अपुरे पडते. बाजूच्या मोजमापासाठी मोठी चकती वेगळी मागवता येते, ती मागवावी.

या संचातील सर्वांत विचारपूर्वक केलेली आणि तरीही सर्वांत लवकर झिजणारी गोष्ट म्हणजे दंडगोलाकार प्रोबचे टोक. झोत चेंबरच्या दुसऱ्या टोकाला ग्राफाइटच्या पाट्यांवर आदळतो, तेथून कार्बन उडतो आणि सगळीकडे बसतो. तो टंगस्टनवर बसतो तसा ॲल्युमिनाच्या नळीवरही बसतो. नळीवरचा थर तारेला चिकटला की नळीही प्रवाह गोळा करू लागते, आणि प्रोबचे क्षेत्रफळ आपल्याला न कळता वाढत जाते. उत्पादकाने नळीचे तोंड आतून थोडे रुंद ठेवले आहे, त्यामुळे तार नळीच्या कडेला टेकत नाही आणि उडून आलेला थर त्या सावलीतल्या फटीत सहज पोहोचत नाही. आमच्या हाताने बनवलेल्या प्रोबमध्ये हे नव्हते आणि ते एका लांब चाचणीतच बिघडत. या संचाचे टोक कितीतरी जास्त टिकते, पण कायमचे टिकत नाही.

त्याची पहिली खूण आलेखावर दिसते. विभव चढवताना आणि उतरवताना घेतलेले दोन आलेख एकमेकांवर बसेनासे होतात. वळण एकदा एका जागी, परत येताना काही दशांश व्होल्ट सरकून दुसऱ्या जागी येते. टंगस्टनवर थर बसल्याचे हे लक्षण आहे. सॉफ्टवेअर मुळात फक्त चढता आलेख वाचते, म्हणून दोन्ही आलेख घेण्याचा पर्याय पहिल्या दिवशीच सुरू करावा. त्यावर संचात शुद्धीकरणाची सोय आहे. यंत्र प्रोबला मोठे धन विभव देते, इलेक्ट्रॉनांचा जोरदार प्रवाह तारेवर येतो आणि ती तापते. चेंबरच्या खिडकीतून पाहिले तर झोताच्या फिकट निळ्या उजेडात तारेचे टोक आधी काळपट लाल आणि मग नारिंगी होताना दिसते. पाच-दहा सेकंदांनी विभव काढले की पुढचे दोन्ही आलेख पुन्हा एकमेकांवर बसतात. नळीवरच्या थराला मात्र या उपायाने काही होत नाही. पहिले टोक आम्ही बदलले तेव्हा ते भिंगाखाली धरून पाहिले. मूळची दुधी पांढरी नळी टोकापासून दोनेक मिलिमीटरपर्यंत राखाडी झाली होती, कडेला जवळजवळ काळी आणि मागे विरत गेलेली, आणि त्या काळ्या कडेवर मल्टिमीटरची टोके टेकवली तर रोध मोजता येत होता. नव्या नळीवर तो मोजताच येत नाही. त्या दिवसापासून आयनांचा संपृक्त प्रवाह एका ठरलेल्या जागी, थ्रस्टरच्या ठरलेल्या स्थितीत, रोज एकदा मोजून नोंदवतो. तो हळूहळू चढू लागला की टोक बदलण्याची वेळ झाली. शटर यासाठीच दिलेले आहे आणि ते चांगले चालते, फक्त मोजमाप नसताना ते बंद ठेवण्याची शिस्त आपण पाळली पाहिजे.

वेगवान मोजमापाबद्दल थोडे. हॉल थ्रस्टरचा प्रवाह स्थिर नसतो, सेकंदाला दहा हजार ते तीस हजार वेळा तो कमी-जास्त होणे नेहमीचे आहे आणि प्लाझ्मा विभवही त्याबरोबर हलते. एक सेकंदभर घेतलेला आलेख या सगळ्याची सरासरी असतो. वळण बोथट होते आणि सॉफ्टवेअर त्यावर आणखी गुळगुळीतपणा आणते, जो मूळ मांडणीत सुरू असतो आणि शोधून बंद करावा लागतो. संचात मिलिसेकंदात आलेख घेण्याची सोय आहे. पण १० मीटर कोॲक्शियल केबलची धारिता सुमारे १००० पिकोफॅरड असते. १०० व्होल्ट एका मिलिसेकंदात चढवले तर ही केबल भरण्यासाठीच ०.१ मिलिॲम्पिअर प्रवाह लागतो, आणि आमच्या सपाट चकतीवर झोतात येणारा आयनांचा प्रवाहही जवळपास तेवढाच असतो. प्लाझ्मा नसताना एक आलेख घेऊन तो वजा करण्याची युक्ती पुस्तिकेत दिली आहे आणि ती उपयोगी पडते. तरी आतल्या वेष्टनाला प्रोबच्याच विभवावर ठेवणारी तिहेरी केबल संचासोबत यायला हवी होती. या किमतीच्या वर्गातल्या उपकरणात ती नसणे मला खटकते.

थ्रस्टरच्या तोंडाजवळ हा संच नेऊ नये. तेथे १०० गाऊसच्या चुंबकीय क्षेत्रात २ इलेक्ट्रॉन व्होल्टचा इलेक्ट्रॉन ज्या वर्तुळात फिरतो त्याची त्रिज्या एक तृतीयांश मिलिमीटर असते, म्हणजे प्रोबच्या मापाइतकीच, आणि मग साधा सिद्धांत लागू राहत नाही. शिवाय प्रोबमुळे थ्रस्टरचे काम बिघडते ते वेगळेच.

आयन एकपट आवेशाचे किती आणि दुप्पट आवेशाचे किती, हेही हा संच सांगू शकत नाही. त्यासाठी एकमेकांना काटकोनात असलेल्या विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांतून आयन वेगानुसार गाळणारा प्रोब लागतो, ज्यात दुप्पट आवेशाचे शिखर एकपटीच्या १.४१ पट विभवावर येते. ही लँगम्यूर प्रोबची मर्यादा आहे, संचाचा दोष नव्हे. एक उणीव मात्र संचाचीच आहे. फाइलमध्ये चेंबरचा दाब लिहायला जागाच नाही. १.३ मिलिपास्कल दाबाला चेंबरमधील झेनॉनमध्ये ३०० व्होल्टचा आयन आवेशाची अदलाबदल होण्यापूर्वी सरासरी सुमारे ६ मीटर जातो, म्हणजे प्रोब एक मीटरवर असेल तर तोपर्यंत जवळजवळ सहावा हिस्सा आयन मंद झालेले असतात. अंतराळात हे अणू नसतात. दाब माहीत नसेल तर झोताच्या कडेचा कोणताही आकडा थ्रस्टरचा की चेंबरचा हे ठरवता येत नाही. आम्ही दाब फाइलच्या नावातच लिहितो.

तापमानाचे आकडे, वर सांगितलेली काळजी घेतल्यावर, वीस टक्क्यांच्या आत विश्वसनीय मानायला माझी हरकत नाही. घनतेला, योग्य सूत्र वापरूनही, पन्नास टक्क्यांची चूक धरून चालावे. या पद्धतीकडून त्याहून अधिकाची अपेक्षा करणे बरोबर नाही. मागणी नोंदवताना दंडगोलाकार प्रोबची किमान चार जास्तीची टोके, मोठी सपाट चकती आणि मूळ आलेख मजकूर फाइलमध्ये काढून देणारा पर्याय एकत्रच मागवावा. हा पर्याय आम्ही नंतर घेतला आणि तो येईपर्यंतच्या तीन महिन्यांतले आलेख आजही सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या स्वरूपात अडकून आहेत, २८ पट घनतेसह.